कोणी विचारलं नव्हतं

‘महिलांशी’ या शब्दापाशी ओदेतची बोटं थांबली.

"पुढे?" तिने विचारलं.

"महिलांशी असलेली त्यांची वागणूक नेहमीच आदराची आणि सौजन्याची होती." फादी खिडकीशी उभा राहून सांगत होता. खाली झाहले गावाच्या बाजारात कुणीतरी द्राक्षांची गाडी आडवी लावली होती आणि मागच्यांनी भोंग्यांचा गोंधळ मांडला होता. "लिहिलंत?"

"नाही."

"का?"

"हे वाक्य मी लिहिणार नाही."

फादी वळला. मदतसंस्थेचा इथला शाखाप्रमुख होऊन त्याला दोन वर्षं झाली होती, पण राग आला की कान लाल व्हायची सवय अजून शाळेतल्या मुलाची होती. "मादाम, हे वाक्य सगळ्यांच्या शिफारसपत्रात असतं."

"जिर्जिसच्या पत्रात नव्हतं."

"जिर्जिस ड्रायव्हर होता. त्याचा बायकांशी काय संबंध?"

"तेच म्हणते मी. ज्याचा संबंध नव्हता त्याच्या पत्रात नाही, आणि लूकासच्या पत्रात मात्र हवं."

फादीने दार लावून घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला ओदेतनेच चिकटवलेला फलक होता. मदतीच्या बदल्यात कुणी काही मागत असेल तर कळवा, असं त्यावर तीन भाषांत लिहिलं होतं आणि खाली एक टेलिफोन नंबर होता. फादी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. तो लहान असताना त्यांची घरं एकाच गल्लीत होती आणि तो तिला तांत, म्हणजे काकू, म्हणायचा. ऑफिसात ती मादाम होती. पण अडचण आली की त्याच्या तोंडात जुना शब्द यायचा.

"तांत, ऐक. चौकशी झाली. बैरूतहून माणूस येऊन गेला. काही सिद्ध झालं नाही. ते चौकशीचं पत्रही तूच टाईप केलंस ना?"

"केलं."

"मग? तो गेला इथून. पीडा टळली. आता सुदानमध्ये त्याला काम मिळतंय, आपण कशाला आडवं यायचं? उद्या वकिलाची नोटीस आली तर बैरूतचे साहेब माझी मान धरतील."

"आणि तिथल्या बायका?"

"तिथे त्यांचे लोक आहेत बघायला." तो उठला. "बरं, ते वाक्य काढून टाक. बाकीचं दे, मी सही करतो. आणि तिकडून फोन आला तर दोनच गोष्टी सांगायच्या. कधीपासून कधीपर्यंत होता, आणि हुद्दा काय होता. बाकी काही विचारलं तर म्हणायचं, आमच्या नियमात बसत नाही."

सही करून तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "नऊमकाकांची तब्येत कशी आहे? विम्यातून औषधं नीट मिळतायत ना?"

"मिळतायत," ओदेत म्हणाली.

त्याने हे काळजीने विचारलं की आठवण करून द्यायला, हे तिला ठरवता येईना. नवऱ्याच्या हृदयाची औषधं या नोकरीच्या विम्यावर येत होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. फादी जेवायला गेला. त्याच्या पावलांचा आवाज जिन्यावरून विरेपर्यंत ती कीबोर्डकडे बघत बसली.

आठ महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, लूकास कपाळाला रुमाल दाबून याच खोलीत आला होता. गाडीचं दार लागलं, असं हसत म्हणाला होता. ओदेतने त्याला खुर्चीवर बसवलं, कोलोनने जखम पुसली आणि पट्टी लावली. डाव्या भुवईच्या वर, चंद्रकोरीसारखी कापलेली रेघ होती. गाडीच्या दाराने अशी बारीक गोलसर रेघ कशी उमटेल, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण साहेब माणूस, त्यात जखमी, म्हणून तिने वर त्याला गोड कॉफीही करून दिली.

दोन दिवसांनी शम्सा आली. सीमेपलीकडच्या देर-एझ्-झोरकडची, सव्वीस वर्षांची, नवरा युद्धात बेपत्ता. निर्वासितांच्या छावणीतल्या बायकांना साबण आणि बादल्या वाटायच्या कामावर होती. ती टेबलासमोर उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही, आणि तक्रार सांगू लागली. लूकासने गोदामात बोलावलं. आतून कडी लावली. अंगाला हात लावला, आणि म्हणाला की काम टिकवायचं असेल तर ओरडू नकोस. हाताशी बादली होती, ती मी त्याच्या तोंडावर मारली. बादलीची तारेची कडी कपाळाला लागली. डाव्या बाजूला.

ओदेतने शब्दन् शब्द टाईप केला. मान मात्र वर केली नाही.

बैरूतचा माणूस एक दुपार बसला. शम्साला विचारलं, फादीला विचारलं, लूकासला विचारलं, त्या दिवशी मुद्दाम बाहेर धाडलेल्या गोदामवाल्यालाही विचारलं. दोन वेळा कॉफी प्याला. कॉफी घेऊन आलेल्या बाईला त्याने काही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. "पुरेसा पुरावा आढळला नाही," हे वाक्य त्याने सांगितलं आणि तिने टाईप केलं. शम्साचं नाव कामावरच्या यादीतून गेलं, दोघांनाही अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. लूकास उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत राहिला आणि जाताना त्याच्यासाठी केक आणला गेला. ओदेतने तो कापला.

या सगळ्या महिन्यांत ती स्वतःला एकच गोष्ट सांगत आली होती. मला कोणी विचारलं नव्हतं.

फोन वाजला.

पलीकडे एक बाई होती. सुदानी अरबी, ठसठशीत आवाज. "सलाम अलैकुम, उस्ताज़ा. मी तमादुर, गदारिफहून बोलते. लूकास साहेबांच्या नेमणुकीसंबंधी थोडी माहिती हवी होती. पाचच मिनिटं घेईन."

"विचारा."

तमादुरने विचारलं, ते कधीपासून कधीपर्यंत होते. ओदेतने सांगितलं. हुद्दा कोणता होता. तेही सांगितलं. पलीकडे पेनाचा आवाज येत होता. मग तिसरा प्रश्न आला. पुष्कळांना पुष्कळ वेळा विचारून गुळगुळीत झालेला, एका दमात वाचलेला.

"त्यांच्याविरुद्ध गैरवर्तनाची, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, कधी तक्रार आली होती का?"

आमच्या नियमात बसत नाही. उत्तर तयार होतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं.

"उस्ताज़ा? ऐकताय ना?"

"आवाज नीट येत नाही," ओदेत म्हणाली. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा स्वच्छ येत होता. "माझा मोबाइल नंबर लिहून घ्या. एका तासाने त्यावर करा. या नंबरवर नको."

पलीकडे पेन थांबलं.

"एका तासाने," तमादुर सावकाश म्हणाली. "करते."

ओदेतने पर्स उचलली, टेबलाचा खण लावला आणि बाहेर पडली. खाली उभी असलेली पहिली टॅक्सी तिने धरली.

मर्ज गावाच्या रस्त्यावर बटाट्याची काढणी चालू होती. मातीच्या ढगात बायका ओणव्या झालेल्या दिसत होत्या. तंबूंच्या वस्तीत शिरल्यावर तिला विचारावं लागलं नाही. निळ्या ताडपत्रीच्या तंबूसमोर शम्साची सासू हम्दा बसली होती, मोठ्या ताटात मसूर निवडत. म्हातारीने आधी तिचे बूट पाहिले आणि मग चेहरा.

"अगंबाई, ऑफिस चालत आलं," ती म्हणाली. "काय हरवलं गं तुमचं इथे? साबण मोजायचे राहिले होते का?"

"शम्सा आहे?"

"आहे की. तुमच्या कृपेने आता बटाटे काढते. कंबर मोडून आत पडलीय. ए शम्सा! ऊठ, मादाम आल्यात. गालिचा झटक, नाहीतर त्यांच्या झग्याला आपली धूळ लागायची."

शम्सा बाहेर आली. डोक्याचा रुमाल अजून मातीने भरलेला होता. ओदेतला पाहून तिने हात पुसले नाहीत आणि पुढेही केले नाहीत.

"लूकासला सुदानमध्ये काम मिळतंय," ओदेतने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "तिथून फोन आला होता. त्याच्याविरुद्ध तक्रार होती का, असं विचारतायत."

"मग सांगा ना, नव्हती म्हणून. टाईप तर तसंच केलंत."

"टाईप केलं, खरंय."

"मग इथे कशाला आलात?"

ओदेतने इकडे तिकडे पाहिलं. म्हातारी मसूर निवडत होती. "आत जाऊन बोलू या का?"

"का?" हम्दाने विचारलं. "मी बहिरी आहे की खुळी? मला सगळं माहीत आहे, मादाम. ज्या दिवशी झालं त्याच दिवशी हिने मला सांगितलं. मी तिला तेव्हाच म्हटलं होतं, तुझं एकच चुकलं. रिकामी बादली मारलीस. भरलेली मारायची होती."

शम्साच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने दाराशी एक उशी टाकली. "बसा."

ओदेत बसली. बोलायची सुरुवात तिला सापडेना. शेवटी तिने आपल्याच डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

"इथे लागलं होतं त्याला. मी पुसलं. पट्टी मीच लावली. तो म्हणाला गाडीचं दार लागलं. दोन दिवसांनी तू आलीस आणि मी ऐकलं, तेव्हाच मला कळलं होतं, ती बादलीच्या कडीची खूण होती."

मसुरांचा आवाज थांबला.

"तुम्हाला माहीत होतं?" शम्साने विचारलं.

"होतं."

"तो बैरूतवाला म्हणाला, तू सांगतेस पण बघितलं कुणी? मी म्हटलं, त्याच्या कपाळाकडे बघा. तो म्हणाला, कपाळाला काय, कुणालाही कुठेही लागतं. आणि तुम्ही तिथेच होतात. ट्रे घेऊन."

"हो."

"का नाही बोललात?"

"मला कोणी विचारलं नाही," ओदेत म्हणाली आणि स्वतःच्याच कानांनी तिने ते पहिल्यांदा ऐकलं. "नोकरी जाईल म्हणून भ्याले. घरी माणूस आजारी आहे. दुसरं कारण नाही."

शम्सा हातावरची माती खरवडू लागली. मग म्हणाली, "आठ महिने या वस्तीत बायका मला काय म्हणतात, माहितीये? हिच्यामुळे साबण यायचे थांबले. नळावर गेले की रांगेत माझ्यापुढे बादली सरकवतात. मी पण सरकवते. मी कुणाला घाबरत नाही. पण रोज सरकवायची म्हणजे हात दुखतात."

"मी आता सांगणार आहे," ओदेत म्हणाली. "जे पाहिलं तेवढं. तुझं नाव घेणार नाही. एवढंच विचारायला आले, की मी सांगितलं तर तुला चालेल ना."

"नाव का नाही घेणार?"

"तुला त्रास होऊ नये म्हणून."

"अजून कसला व्हायचा राहिलाय?" शम्साचा आवाज चढला. शेजारच्या तंबूची ताडपत्री जराशी हलली. ते पाहून ती आणखी मोठ्याने बोलली. "त्याचं नाव तुमच्या पत्रात वर ठळक अक्षरांत असेल ना? हुद्द्यासकट? मग माझं का झाकायचं? कडी त्याने लावली. मी काय चोरी केलीय? आणि तुम्ही काय सांगणार? तुम्ही कपाळ पाहिलंत. गोदामात तुम्ही होतात?"

"नव्हते."

"मग तुमचं तुम्ही सांगा. माझं मी सांगेन."

हम्दाने ताट बाजूला ठेवलं, आत जाऊन पेल्यांत चहा ओतला आणि एक पेला ओदेतच्या हातात दिला. साखर विचारली नाही. भरपूर घातली होती. "पी," ती म्हणाली. "तोंड कोरडं पडलंय तुझं."

फोन आला तेव्हा सव्वा तास झाला होता. आधी दोनदा फादीचा नंबर झळकून गेला होता आणि ओदेतने तो दोन्ही वेळा बंद केला होता. आता सुदानचा नंबर होता. तिने फोन स्पीकरवर टाकून गालिच्यावर ठेवला.

"उस्ताज़ा, मी तमादुर. आता आवाज येतोय?"

"येतोय. मघाशीही येत होता." ओदेतने पेला खाली ठेवला. "तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो. तक्रार होती. ती मीच टाईप केली. चौकशीत पुरावा नाही असं लिहिलं, तेही मीच टाईप केलं. पण पुरावा होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता आणि गप्प राहिले. हे माझं म्हणणं आहे, माझ्या नावानिशी लिहा. ओदेत माअलूफ. आणि जिने तक्रार केली होती ती माझ्यासमोर बसली आहे. तिला तुमच्याशी बोलायचंय."

पलीकडून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"तमादुर?"

"ऐकतेय." मघाचा कागदावरून वाचणारा आवाज आता नव्हता. "मादाम, तुम्हाला एक सांगू? तो इथेच आहे. येऊन अकरा दिवस झाले. माणसं कमी होती म्हणून आधी घेतलं. हा फोन नुसता फाइल पुरी करायला होता. मला म्हणाले, दोन ओळी लिहून टाक."

ओदेतने शम्साकडे पाहिलं. शम्सा फोनकडे बघत होती.

"थांबा," तमादुर म्हणाली. "दार लावते."

खुर्ची सरकली. दार लागल्याचा आवाज आला, मग दबक्या आवाजातली काही वाक्यं, आणि एकाहून जास्त पावलं. पुन्हा तिचा आवाज आला तेव्हा तो जवळून येत होता.

"इथे माझ्याबरोबर आणखी दोघी आहेत. छावणीत काम करणाऱ्या. त्यांनी ऐकलं तर चालेल?"

"चालेल," शम्सा म्हणाली. "म्हणावं, जवळ बसा."

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, झटकला आणि पुन्हा नीट बांधला, जणू पलीकडच्यांना ती दिसणार होती. हम्दा तिच्या पाठीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली. बाहेर दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हातारीने त्यांना हटकलं नाही.

"फेब्रुवारीत," शम्सा सांगू लागली. "मंगळवार होता. सकाळी वाटपाच्या आधी त्याने मला निरोप पाठवला, गोदामात ये म्हणून. मी गेले. तो टेबलाशी उभा होता. मला म्हणाला—"

"यादीत तुझं नाव सापडत नाहीये," फोनमधून आवाज आला. "तूच जवळ येऊन शोध."

तो तमादुरचा आवाज नव्हता. कोवळा होता, आणि मध्येच बोलून गेल्यामुळे घाबरलेला.

शम्साचं तोंड उघडंच राहिलं. ओदेतला ते वाक्य माहीत नव्हतं. तक्रारीत ते नव्हतंच, तिने ते टाईप केलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. हम्दाने मान वळवली.

शम्सा पुढे वाकली. दोन्ही हात जमिनीवर टेकून तिने तोंड फोनच्या अगदी जवळ नेलं.

"हो," ती हळू म्हणाली. "अस्संच म्हणाला. तुझं नाव काय गं, पोरी?"

पलीकडे पंखा फिरत होता. मग तोच कोवळा आवाज, जेमतेम ऐकू येईल असा, म्हणाला, "नाव नको."

"बरं," शम्सा म्हणाली. ती पुन्हा ताठ बसली आणि तिचा आवाज बाहेर उभ्या असलेल्या बायकांपर्यंत गेला. "तमादुर, पेन आहे ना हातात? मग आधी माझं नाव लिही, एकेक अक्षर सांगते. शीन. मीम. सीन."